वाटी कातताना कार्बाइड टिपच्या या चुका टाळा

अंजन किंवा बाभळीच्या लाकडाची पाच इंची वाटी लेथवर कार्बाइड टिपने, म्हणजे दांड्याला स्क्रूने बसवलेल्या अतिकठीण छोट्या पात्याने कातली, आकारही जमला. पण उन्हात धरली की आतून समोरासमोर दोन खरबरीत पट्टे. लाकूड आडवं बांधलेलं, म्हणजे त्याचे तंतू फिरण्याच्या अक्षाला आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन जागी टिप उलट्या तंतूंवर जाते. तिथे ती कापत नाही, उपसते.

यामागची सर्वांत जुनी खोड म्हणजे भंगारातली टिप. जळगावच्या एमआयडीसीतून उतरलेली, सोनेरी लेपाची, पोलाद कापायची. तिची धार मुद्दाम किंचित गोलवलेली असते, पोलादाच्या दाबाखाली तुटू नये म्हणून. लाकडावर तीच धार नुसती घासते. मग गडी जोर लावतो, लाकूड तापतं, जळका वास येतो, पाच मिलिमीटरची भिंत थरथरते आणि काठ फुटतो. वाचलाच तर ६० नंबरचा पॉलिश पेपर आणि वाया गेलेली दुपार. वाचवले किती, तर एका टिपचे पैसे! लाकडासाठीची टिप बिनलेपाची, वरून आरशासारखी घासलेली घ्या. अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. घसरली तर परत करा.

दुसरी चूक दांड्याची. चौरस दांडा रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीवर, सपाट बसतो, म्हणून नवख्यांना आवडतो. ढोबळ कातायला ठीक, पण शेवटच्या हाताला टिप ४५ अंश कलती हवी आणि चौरस दांडा कलत नाही. गोल दांडा घ्या, गोल टिप लावा, रेघ तिच्या खालच्या अर्ध्या भागाने ओढा. वरचा अर्धा लागला की हत्यार खेचलं जातं. कलवायचा हात बसला नसेल तर निगेटिव्ह रेकची, म्हणजे वरची बाजू धारेकडे उतरती असलेली टिप घ्या. ती सपाटच धरायची, दाब जवळजवळ शून्य. कापसासारखा छिलका निघाला तर १८० नंबरच्या पेपरपासून सुरुवात पुरते.

वाटीच्या आत चौकोनी टिप नकोच, कोपरा अडकतो.

एक धार बोथट झाल्यावर दुसरी पुढे आणायला टिप फिरवताना तिच्या बैठकीच्या खाचेतला भुसा काढा, नाहीतर स्क्रू आवळताना ती तडकते. वापरलेल्या धारेवर मार्करची खूण करा.

आत कातताना रेस्टही आत न्या.

आणि ओलं लाकूड लगेच फिनिश करू नका. खानदेशातल्या मे महिन्यात ते आठवड्यात वाकडं होतं. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवून ढोबळ काता, कागदी पिशवीत सावलीला ठेवा. वजन घटायचं थांबलं की मगच टिपच्या नव्या धारेने फिनिश करा.