फायर तपासणीला जाताय? तळमजल्याचं पाणी बघून सही करू नका

दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाच्या प्रतिबंधक शाखेत कागदांचा ढीग लागतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. ती चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा द्यायचं, त्याला आपण फॉर्म बी म्हणतो. एकदा एका हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रात तिसऱ्या पानावर ‘सदर मंगल कार्यालयातील यंत्रणा’ असं वाक्य निघालं. एजन्सीचा माणूस म्हणाला, “टायपिंग मिस्टेक, साहेब.” त्याच्यापेक्षा मला राग आला तो आमच्याच दलातल्या पोराचा. तो कागद वाचून त्याने खाली ‘समाधानकारक’ असा शेरा मारला होता.

नवीन सब ऑफिसर हुशार असतात, अंगाने तयार असतात, आगीची वर्दी, म्हणजे खबर, आली की जीव तोडून पळतात. पण प्रतिबंधक शाखेत बदली झाली की तोंड पाडतात, जणू शिक्षा झाली. मग तपासणी उरकायची घाई. सकाळी अकराला जायचं, सेक्रेटरीबरोबर लॉबीत एक चक्कर, सिलिंडरचे फोटो, चहा, सही, आणि जेवायला परत. एका दिवसात सहा इमारती केल्या म्हणून सांगणारा मला एक भेटला होता. मी त्याला विचारलं, “सहाव्या इमारतीच्या गच्चीवर टाकी कुठल्या बाजूला आहे?” गडी गप्प.

आता मुख्य चूक. मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चौदा मजल्यांची सोसायटी होती. आवारातल्या हायड्रंटला, म्हणजे आगीच्या पाण्याच्या नळाला, होज (लांब पाइप) जोडला, व्हॉल्व्ह फिरवला, आणि अशी सणसणीत धार आली की वॉचमन भिजला. गेजवर दाब चार किलो (दर चौरस सेंटिमीटरला). चेअरमन खूश, मीही खूश. पंपरूममध्ये डोकावलो, पॅनलवर दिवे लागलेले होते. वर कांदेपोहे झाले होते, ते खाल्ले आणि सही केली.

चार-पाच महिन्यांनी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्याच इमारतीची वर्दी आली. बाराव्या मजल्यावर बाल्कनीत रचलेल्या खोक्यांनी पेट घेतला होता आणि आग हॉलमध्ये शिरली होती. पोरांनी बाराव्याच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे त्या मजल्यावरच्या आगीच्या नळाला, होज लावला, उघडला. ब्रँचमधून, म्हणजे होजच्या तोंडच्या नळीतून, पाणी आलं ते घरातल्या नळाला येतं तसं.

मग तळमजल्यावर मला चार किलो कुठून मिळाले होते? गच्चीवरच्या टाकीतून. टाकीचं पाणी त्याच उभ्या पाइपात उतरतं, आणि दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब आपोआप मिळतो. चौदा मजले म्हणजे चाळीस-बेचाळीस मीटर, म्हणजे चार किलो. पंप मेलेला असला तरी खाली धार फक्कड येणारच. बाराव्या मजल्यावर मात्र डोक्यावर आठ-दहा मीटरच पाणी उरतं, दाब एक किलोच्या आतबाहेर. मी त्या दिवशी गुरुत्वाकर्षणाची तपासणी करून आलो होतो, पंपांची नाही.

नंतर उलगडा झाला तो असा. पॅनलवर दिवे होते, पण सिलेक्टर ‘ऑटो’वर नव्हता, ‘ऑफ’वर होता. कुठल्यातरी मजल्यावरचा व्हॉल्व्ह ठिबकत होता, त्यामुळे पाइपातला दाब उतरायचा आणि जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) रात्रभर थोड्या थोड्या वेळाने सुरू व्हायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडायची. ठिबक शोधण्यापेक्षा बटण फिरवणं सोपं, म्हणून वॉचमनने ते फिरवून टाकलं होतं. गच्चीवरच्या बूस्टर पंपाची (दाब वाढवणाऱ्या पंपाची) केबल वॉटरप्रूफिंगवाल्यांनी सोडवली होती, ती परत जोडलीच नव्हती. मी गच्चीवर गेलोच नव्हतो, मग मला कसं कळणार?

शेवटी आपल्या गाडीच्या पंपाने खालच्या इनलेटमधून, म्हणजे पाइपात बाहेरून पाणी भरायच्या तोंडातून, पाणी चढवायचं ठरलं. इनलेटचं झाकण गायब, आत गुटख्याच्या पुड्या आणि एक पाण्याची बाटली कोंबलेली. यंत्रचालकाने बोटांनी उकरून ते साफ केलं, गाडीतला वॉशर बसवला, तेव्हा कुठे वर पाणी गेलं. दोन खोल्या जळाल्या. घरची मंडळी खाली फटाके उडवत होती म्हणून माणसं वाचली, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. निघताना लॉबीत आमचा लीडिंग फायरमन सूचनाफलकासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, इथं सही तुमचीच दिसतेय.” चेअरमननी माझा अहवाल फ्रेम करून लावला होता.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. पुस्तकात याच क्रमाने लिहिलेलं नसेल. मी आधी गच्चीवर जातो, आणि जिन्याने जातो, कारण जिन्यात काय काय ठेवलंय ते लिफ्टमधून दिसत नाही. टाकीचं झाकण उघडून पाणी डोळ्यांनी बघतो. मार्च-एप्रिलमध्ये हे विशेष करा. टँकर परवडत नाही म्हणून आगीचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला काढलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. मग गच्चीवरचा किंवा सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह उघडायचा. आपला एक माणूस पंपरूममध्ये, फोन चालू. दाब उतरला की आधी जॉकी आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. कुणीही पॅनलला हात लावायचा नाही. “मी चालू करून दाखवतो ना साहेब” असं म्हणत इलेक्ट्रिशियन पुढे येतो, त्याला नम्रपणे बाहेर उभा करा. आग लागेल तेव्हा तो सुट्टीवर असणार आहे. सगळ्यात वर साडेतीन किलो दाब मिळाला पाहिजे. मिळाला तर मेन सप्लाय बंद करायला लावायचा आणि डिझेल पंप उचलतो का ते बघायचं. निम्म्या ठिकाणी बॅटरी उतरलेली असते. टाकीतून पंपाला पाणी देणाऱ्या सक्शनच्या व्हॉल्व्हचं चाक स्वतःच्या हाताने फिरवून बघा. टाकी धुणारे ते बंद करतात आणि बंदच ठेवून जातात.

“पाणी वाया जाईल हो” असं कोणीतरी म्हणतंच. जाऊ द्या.

हल्ली एक नवीन पद्धत निघाली आहे. सोसायटीवाले पंप चालू असल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि आमची पोरं तो फाइलला लावतात. पंप सगळीकडे लाल, पंपरूम सगळीकडे अंधारी. कुठल्या इमारतीचा व्हिडिओ आहे हे त्या पंपाची आईसुद्धा सांगू शकणार नाही.

बाकीच्या चुका पटापट. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे ‘गेज नाही’ असा दोष लिहून हसू करून घेऊ नका. तो वजन करून तपासतात, १० टक्क्यांहून जास्त गॅस कमी झाला असेल तर परत भरायचा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला तरी आतली पावडर ढेकूळ झालेली असू शकते, उलटा करून कान लावा. स्मोक डिटेक्टरवरचं धुळीसाठीचं प्लास्टिकचं टोपण काढलंय का ते बघा. दोन वर्षं टोपणासकट छताला लटकलेले डिटेक्टर मी पाहिले आहेत. रंगाऱ्याने स्प्रिंकलरच्या लाल बल्बवर डिस्टेंपर मारला असेल तर तो ६८ अंशांना फुटेल या भरवशावर राहू नका. अलार्मच्या भोंग्यावर चिकटपट्टी असेल तर तक्रार कुणाची होती ते विचारा, मूळ दोष तिथे सापडतो. फायर डोअरला कुंडीची अडण लावलेली असते, ती कुंडी तुम्हीच उचलून बाजूला ठेवा आणि दार आपोआप मिटतं का ते बघा. होजबॉक्स उघडा, पितळेची ब्रँच चोरीला गेलेली असते. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायच्या मोकळ्या जागेत, योगासनांचे वर्ग चालत असतील तर चालू द्या, पण तिथे भिंत घातली असेल तर नाही. इलेक्ट्रिकच्या डक्टमध्ये बॅटरी मारून वर बघा. मजल्यामजल्याला केबलभोवतीची भोकं बुजवलेली नसतील तर तो डक्ट नव्हे, धुराडं आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त दिवसा, कळवून आणि इस्त्रीच्या गणवेशात जाणं.

कमला मिलमधली आग २९ डिसेंबर २०१७ ची, मध्यरात्र उलटून गेल्यावरची. गच्चीवरच्या पबमध्ये लागलेल्या त्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेचसे धुराने गुदमरले, आणि अनेकजण प्रसाधनगृहात सापडले, कारण बाहेर पडायची वाट त्यांना दिसली नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातली नवजात बालकांची खोली पेटली ती ९ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, दहा बाळं गेली. विरारच्या रुग्णालयातली आग त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे. अहमदनगरची नोव्हेंबरमधली आग तेवढी दिवसा लागली होती. आणि आपण तपासणीला जातो कधी, तर सकाळी अकराला. तेव्हा सगळे दिवे लागलेले असतात, सगळी दारं उघडी असतात, आणि किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो माणूस आपल्यासमोर नमस्कार करत उभा असतो.

मी एकदा एका तीन मजली नर्सिंग होममध्ये रात्री एकला गेलो होतो. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप. शेजारी काचेची पेटी, तिच्यावर ‘आणीबाणीत काच फोडा’. बॅटरी मारली तर आत किल्ली नाही, नुसता खिळा.

सिस्टरना विचारलं, “किल्ली कुठे असते?”

“मावशींकडे असते, साहेब.”

“मावशी कुठे?”

“खाली झोपल्यात. पण आज त्यांची ड्यूटी नाही, दुसऱ्या मावशी आहेत.”

दुसऱ्या मावशींना उठवलं. त्या डोळे चोळत वर आल्या. त्यांच्याकडे जुडगा होता, त्यात एकोणीस किल्ल्या. मी घड्याळ लावलं. दार उघडायला सहा मिनिटं लागली, तेही लाइट चालू, धूर नाही, आणि कुणी ओरडत नाही अशा अवस्थेत. दार उघडलं तर पलीकडे जुन्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. डॉक्टर दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले आणि म्हणाले, “कुलूप नाही लावलं तर पेशंट बिल न भरता पळतात हो.” त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांना आतून दांडी दाबली की उघडणारं आणि उघडलं की भोंगा वाजणारं दार सुचवलं. त्यांनी ते बसवलं. नुसती नोटीस देऊन आलो असतो तर कुलूप काढलं असतं आणि आठ दिवसांत परत लावलं असतं. समोरच्याची अडचण काय आहे ते विचारल्याशिवाय दोष लिहू नका, असं मी पोरांना सांगतो. त्यांना ते लाड वाटतात.

रात्री जाताना एक पथ्य पाळा. तपासणीची वेळ आणि पूर्वसूचना याबद्दल अधिनियमात काय लिहिलंय ते नीट वाचा आणि वरिष्ठांचा लेखी आदेश खिशात ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमच्याच विरुद्ध अर्ज येतो. मी सोबत एक महिला कर्मचारी नेत असे, हॉस्पिटलात वॉर्डमध्ये शिरायचं असतं.

राहता राहिला अहवाल. ‘यंत्रणा समाधानकारक’, ‘किरकोळ त्रुटी आढळल्या’ असली वाक्यं लिहू नका. कुणाला समाधान झालं? पोहे खाल्ले त्याला? ‘सातव्या मजल्याचा लँडिंग व्हॉल्व्ह, चाक नाही’, ‘पूर्वेचा जिना, पाचवा ते सहावा मजला, तीन सायकली आणि एक कपाट’ असं लिहा. मजला, बाजू, वस्तू, तारीख. पुढच्या वेळी दुसरा अधिकारी गेला तरी त्याला ते कपाट सापडलं पाहिजे. दाबाचा आकडा लिहिताना तो कुठल्या मजल्यावर घेतला तेही लिहा, हे मी चौदा मजल्यांची फी भरून शिकलोय.

आणि पिशवीत स्वतःचा गेज ठेवा. सोसायटीच्या पाइपावरच्या गेजचा काटा अनेकदा एकाच जागी अडकलेला असतो, पाणी असो नसो. माझ्या पिशवीत गेज, बॅटरी, मीटरटेप, खडू आणि दोन-चार रबरी वॉशर असायचे. वॉशर दिवाळीच्या त्या रात्रीपासून.