घरभेटीची कार्यकर्ती घडवताना

लहान बाळ असलेल्या घरात कार्यकर्ती एकटी जाते. वर्गात तिच्या शेजारी प्रशिक्षक असतो, दारात नसतो. म्हणून पाच दिवसांचं प्रशिक्षण, एक जाड पुस्तिका आणि एक पिशवी देऊन तिला रवाना करणं पुरत नाही. निम्मं शिकणं ती घरोघरी जायला लागल्यावर होतं. त्या निम्म्याची आखणी वर्ग भरण्याआधीच झालेली हवी: तिच्यासोबत कोण जाणार, कोणत्या दिवशी, किती वेळा, आणि तिचं अडलं तर फोन कोण उचलणार.

आधी घरं मोजा

एक भेट तासाभराची, जायला-यायला अर्धा तास, नोंदी लिहायला पंधरा मिनिटं. म्हणजे एका घरामागे पावणेदोन तास. दिवसाला चार भेटी झाल्या की सात तास भरले. आठवड्यातले चार दिवस भेटींचे धरले तर सोळा घरं होतात. पाचवा दिवस पर्यवेक्षकासोबतची बैठक, सराव आणि हुकलेल्या भेटींसाठी राखून ठेवावा लागतो. बंद दारं, आजारपण, ऐनवेळी रद्द झालेल्या भेटी धरल्या तर दर आठवड्याच्या भेटीच्या कार्यक्रमात पूर्णवेळ कार्यकर्तीकडे बारा ते चौदा घरं ठेवावीत. भेट पंधरवड्याला असेल तर दुप्पट. पहिले दोन महिने मात्र निम्मीच द्या.

यादी वाढवली तर कागदावरच्या भेटी कमी झालेल्या दिसत नाहीत, त्या आखूड होतात. तासाची भेट वीस मिनिटांवर येते आणि बाळासोबत खेळणं, आईचं ऐकून घेणं हे आधी गळतं. राहतं ते फॉर्म भरणं.

हाताचं कौशल्य हातानंच शिकवा

श्वास मोजणं वरवर सोपं वाटतं. नव्या कार्यकर्तीचा आकडा सगळ्यात जास्त इथेच चुकतो, म्हणून यावर पूर्ण अर्धा दिवस द्या.

बाळ शांत हवं, रडणारं किंवा दूध पिणारं नको. छाती-पोटावरचा कपडा वर घ्यायचा, पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्ये थांबतो, मग भरभर चालतो. दुसरी चूक म्हणजे पोट वर गेलं तो एक आणि खाली आलं तो दुसरा श्वास धरणं. आकडा थेट दुप्पट दिसला तर हेच झालेलं असतं. तिसरी, घड्याळाकडे बघताना मोजणी सुटणं. यावर उपाय सोपा आहे: मिनिटाचा गजर लावायचा आणि नजर पोटावरून हलवायची नाही.

उंबरठे पाठ हवेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा मोजायचं. सरावात प्रशिक्षक आणि कार्यकर्ती एकाच बाळाचा श्वास एकाच वेळी मोजून आकडा वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहितात. आधी व्हिडिओवर, मग खऱ्या बाळांवर. सलग पाच बाळांच्या मोजणीत दोनपेक्षा जास्त फरक पडला नाही की तिला हे जमलं.

दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य, खूण करून, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की आकडा कमी येतो आणि धडधाकट मूल तीव्र कुपोषणात मोजलं जातं. सैल ठेवली तर उलटं होतं, आणि ते जास्त घातक, कारण मग मूल हातातून सुटतं. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र, ११.५ ते १२.५च्या आत मध्यम. खूण न करता अंदाजानं मध्य धरणाऱ्या हाताला तिथल्या तिथे थांबवा.

धोक्याची लक्षणं झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवीत. लहान बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, श्वास जलद आहे, छाती खूप आत ओढली जाते, तापमान ३७.५ अंश सेल्सियस किंवा जास्त अथवा ३५.५च्या खाली आहे, हलवलं तरच हलतं किंवा मुळीच हलत नाही, पहिल्या २४ तासांत कावीळ दिसते किंवा तळहात-तळपाय पिवळे पडतात. यातलं एकही दिसलं की ठरलेला विषय बाजूला ठेवायचा आणि बाळाला दवाखान्यात पोहोचवण्याची सोय बघायची. कुठे, कशानं, सोबत कोण, घरातल्या दुसऱ्या मुलाकडे कोण बघणार, हे चारही प्रश्न सरावात तोंडी विचारा. बहुतेक वेळा पोहोचणं लांबतं ते चौथ्या प्रश्नापाशी.

बोलणं आणि खेळणं

इथे तिघींचा गट करा: एक आई, एक कार्यकर्ती, एक निरीक्षक. निरीक्षकानं मत द्यायचं नाही, कार्यकर्तीनं विचारलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्यायची. दहा मिनिटांनी ती वाचून दाखवली की सगळं उघड होतं.

“तुम्ही बाळाला पाणी तर पाजत नाही ना?” या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे, “नाही.” आई खोटारडी असते म्हणून नव्हे, प्रश्नातच दटावणी आहे म्हणून. तेच असं विचारून बघा: “काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं?” मग चमच्यातलं पाणीही सांगितलं जातं. ते सांगितलं गेलं तरच सहा महिने फक्त आईचं दूध या विषयावर खरं बोलणं सुरू होतं. अशा दहा प्रश्नांच्या जोड्या तयार करून घ्या, त्याही कार्यकर्तींच्याच तोंडच्या भाषेत.

खेळाबाबत जमैकातला अनुभव आम्ही प्रत्येक वर्गात सांगतो. १९८०च्या दशकात किंग्स्टनमध्ये खुरटलेल्या मुलांच्या घरी कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं जात होत्या. घरात सापडणाऱ्या साध्या वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवत. ही मुलं पुढे बरीच वर्षं अभ्यासली गेली आणि फरक मोठेपणीही दिसला. त्यातून घ्यायचं ते हे, की खेळणं कार्यकर्तीच्या हातात कमीत कमी वेळ राहिलं पाहिजे. ती दाखवते, आईच्या (बाबा असतील तर त्यांच्या, आजी असेल तर आजीच्या) हातात देते, आणि मागे सरकते. बाळानं जे केलं त्याकडे बोट दाखवते: “बघा, तुमचा आवाज आला तशी मान वळवली.” कार्यकर्तीच बाळाशी छान खेळून निघून गेली तर घरात उरतं एवढंच, की ताई आल्या की बाळ हसतं.

एका भेटीत जास्तीत जास्त दोन नव्या गोष्टी सांगायच्या. सात सांगितल्या तर एकही राहत नाही.

सोबत भेटी

पर्यवेक्षकासोबतच्या पहिल्या तीन भेटींत नवी कार्यकर्ती फक्त बघते. पुढच्या तीनमध्ये काम वाटून घेतात. त्यानंतरच्या तीन ती एकटीनं करते आणि पर्यवेक्षक बघतो. नंतर महिन्यातून एक सोबत भेट, कितीही अनुभव असला तरी.

पर्यवेक्षकानं बसायचं ते आईच्या नजरेच्या रेषेबाहेर, थोडं बाजूला. आईनं प्रश्न त्याला विचारला तर त्यानं कार्यकर्तीकडे बघायचं, उत्तर द्यायचं नाही. मध्ये बोलायचं ते दोनच वेळा: धोक्याचं लक्षण सुटत असेल किंवा सांगितल्यानं बाळाला अपाय होणार असेल तर. एरवी चूक होऊ द्या. आईसमोर दुरुस्त केलेली कार्यकर्ती त्या घरात पुन्हा उभी राहू शकत नाही. नंतर, दारात नव्हे तर दूर जाऊन, आधी तिला विचारा की कुठे बरं वाटलं आणि कुठे अडखळली. मग तुम्ही पाहिलेली एक नेमकी चांगली गोष्ट आणि बदलायची एकच गोष्ट सांगा.

दर आठवड्याचा तास

पर्यवेक्षक आणि कार्यकर्ती यांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसायचं: वार आणि वेळ ठरलेली, दार लोटलेलं, फोन बाजूला. या तासात फॉर्म तपासायचे नाहीत. फॉर्मसाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा, नाहीतर ते सगळा तास खातात. दोन-तीन कुटुंबांवर सावकाश बोला आणि मग तिच्याकडे वळा. कोणत्या घरी जायचं म्हटलं की पाय जड होतात, हा प्रश्न दर वेळी विचारावा. उत्तरामागे कधी मारहाण असते, कधी दगावलेलं मूल, कधी तिच्याच आयुष्यातली जुनी जखम. उपाय सुचवायची घाई करू नका. तुम्ही तिचं जसं ऐकता तसंच ती आईचं ऐकते. तुम्ही वेळ बघत बसलात तर तीही उद्या तिथे वेळच बघेल.

काही गोष्टी मात्र त्या तासापर्यंत थांबत नाहीत. आईनं जीव नकोसा झाल्याचं सांगितलं, मुलाला इजा होत असल्याची शंका आली, घरात मारहाण दिसली, तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला फोन. आईला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं: “तुमचं बोलणं माझ्याजवळच राहील, पण कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मला मदत आणावी लागेल.” आईला एकटं सोडू नये, आणि कार्यकर्तीनंही एकटीनं निर्णय घेऊ नये.

सुरक्षिततेसाठी दिवसाची यादी सकाळी कार्यालयात, शेवटच्या भेटीनंतर एक फोन, आणि तो ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात आला नाही तर कोण काय करणार हे लेखी. फोनवर बोलायचं एखादं साधं वाक्य ठरवून ठेवा, ज्याचा अर्थ “मला इथून बाहेर काढा” असा असेल. भेट अर्धवट सोडून निघाल्याबद्दल तिला कधीही जाब विचारू नका. प्रवासखर्च महिन्याच्या महिन्याला द्या. तो अडला की आधी लांबची घरं सुटतात.

कार्यकर्ती काम सोडणार असेल तर निदान चार आठवडे आधी ठरवा. प्रत्येक घरी तिची आणि नव्या कार्यकर्तीची एक एकत्र भेट होऊ द्या. नवीन ताईची ओळख जुनीनं करून द्यायची, आणि बाळाबद्दलची एखादी गोष्ट आईच्या देखत तिला सांगायची: हा पालथा पडायला लागलाय, उजव्या कुशीवरून.