तेल बदलले, तरी साखर उतरेना? या चुका टाळा

कोल्हापुरात घरातल्या कोणाला मधुमेह निघाला की पहिला बदल बहुधा तेलाच्या डब्यात होतो. रिफाइंड सूर्यफूल जाऊन लाकडी घाण्याचे शेंगतेल येते, नाहीतर शेंगतेल जाऊन करडई येते, आणि पुढच्या तपासणीत वजन व साखर दोन्ही जागच्या जागी आढळतात. यात तेलाचा दोष क्वचितच असतो. नवे तेल कशाच्या जागी आले आणि किती आले, हेच कोणी पाहिलेले नसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'चांगले' तेल जास्तीचे खाणे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. त्यात ३९ तरुणांना सात आठवडे नेहमीच्या जेवणाशिवाय जादा मफिन खायला दिले; एका गटाचे संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद जास्त असलेल्या पामतेलातले, दुसऱ्याचे बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) मेद जास्त असलेल्या सूर्यफूल तेलातले. वजन दोन्ही गटांचे सारखेच, सुमारे १.६ किलोने वाढले; मात्र पामतेलाच्या गटात यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबी अधिक वाढली. यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून मेदाम्लाचा, म्हणजे तेल ज्या घटकांचे बनते त्यांचा, प्रकार महत्त्वाचा खराच. पण जादा खाल्लेले अंगावर चढायचे ते चढतेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० किलोकॅलरींच्या आहारात तेल-तुपाचे प्रमाण दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर, आणि त्यातच तूपही आले. आता रविवारची मिसळ आठवा: कटावर तरंगणारा तो लालभडक तवंग घरच्या डब्यातून गेलेला नसतो, त्यामुळे हिशेबात कधीच येत नाही. मटणाच्या तांबड्या रश्श्याचेही तेच. तवंग डावाने बाजूला काढून मग वाटी भरली तर चव फारशी जात नाही, असे माझे मत आहे. अस्सल खवय्ये ते मानणार नाहीत.

घाण्याच्या तेलाविषयीचा गैरसमज इथे फार पक्का आहे. शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल आणि त्याखालोखाल लिनोलेइक आम्ल ही मेदाम्ले असतात, आणि हे प्रमाण घाण्यावर गाळल्याने किंवा रिफाइंड केल्याने बदलत नाही. घाण्याच्या तेलात वास आणि काही सूक्ष्म घटक अधिक टिकतात, एवढेच. उलट बुरशी लागलेले शेंगदाणे घाण्यात गेले तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तेलात उतरू शकते, म्हणून दाणे स्वतः निवडून देणे बरे.

'वनस्पतीजन्य, कोलेस्टेरॉल नाही' हे पुडक्यावरचे वाक्य वाचून निर्धास्त होणे हीसुद्धा चूकच, कारण कोलेस्टेरॉल वनस्पती तेलात जवळजवळ नसतेच. पाहायचे ते संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण: खोबरेल तेलात ते ९० टक्क्यांच्या घरात, पामतेलात निम्म्याच्या आसपास. खारी आणि बिस्किटांच्या पुड्यावर 'पामोलीन' (पामतेलाचाच पातळ भाग) लिहिलेले असते, ते वाचावे. पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूधही याच हिशेबात धरावे.

जवस लोक मोठ्या श्रद्धेने खातात, पण अख्खे. कठीण टरफलामुळे दाणा बराचसा तसाच पोटातून पुढे जातो. म्हणून भाजून, कुटून, चटणी करून खावा. त्यातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा (वनस्पतींतल्या ओमेगा-३ मेदाम्लाचा) थोडाच भाग शरीर माशांतल्या ओमेगा-३ मध्ये बदलते, तेव्हा चमचाभर जवसाने साखर उतरेल ही अपेक्षा ठेवू नये. जवसाचे तेल फोडणीला तर मुळीच वापरू नये.

किती फरक पडावा, याचाही अंदाज हवा. २०१६ मध्ये १०२ आहार-प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाच्या उष्मांकांपैकी ५ टक्के पिष्टमय पदार्थ किंवा संपृक्त मेद काढून त्यांच्या जागी बहुअसंपृक्त मेद घेतल्यास एचबीए१सी (रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ०.१ टक्क्याच्या आसपासच उतरते, असे त्यात दिसले. म्हणजे भाकरी-भात तेवढाच ठेवून वरून करडईचे तेल ओतणाऱ्याला तेवढाही लाभ नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवत असल्याने तपासणीही तेवढ्या अंतरानेच करावी, आणि तेल बदलले म्हणून गोळ्यांचा डोस डॉक्टरांना न विचारता कमी करू नये.