क्लचचा वरचा पंप गळू लागला तर

कापसाच्या हंगामात भरलेली पिकअप जिनिंगसमोरच्या रांगेत उभी असते, दर पाच मिनिटांनी दोन हात पुढे सरकावी लागते, आणि अशाच एखाद्या वेळी क्लचचे पॅडल मऊ पडून खालीच बसते. अशा वेळी बहुतेक जण आधी क्लच प्लेटला दोष देतात. परंतु ज्या गाड्यांचा क्लच तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालतो, त्यांत हा दोष पुष्कळदा पॅडलच्या पुढे बसवलेल्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘वरच्या पंपाचा’ असतो. प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी हा पंप तपासला, तर एका दुपारच्या कामात गाडी पुन्हा चालती होऊ शकते.

पॅडल दाबले की पुशरॉड पंपातल्या पिस्टनला पुढे ढकलतो, ब्रेक ऑइल पाइपमधून गिअरबॉक्सजवळच्या खालच्या पंपात जाते आणि तो क्लचचा फोर्क हलवतो. वरच्या पिस्टनवर साधारणपणे दोन रबरे असतात. पुढचे रबर दाब निर्माण करते आणि मागचे रबर तेल पॅडलच्या बाजूने बाहेर येऊ देत नाही. मागचे रबर गेले, तर तेल पुशरॉडवरून ओघळून केबिनमधल्या मॅटखाली जमा होते. पुढचे गेले, तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. तेल रबराला वळसा घालून मागे सरकते आणि दाबून धरलेले पॅडल हळूहळू खाली जाते. म्हणून ‘गळती दिसत नाही, म्हणजे पंप चांगला आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. पावसाळ्यात मॅटखाली साधे पाणीही साचते; ब्रेक ऑइल मात्र बोटाला बुळबुळीत लागते, लवकर सुकत नाही आणि रंग सोलून काढते. खालच्या पंपाचे रबरी टोपण उचलून तिथे ओल आहे का, आणि पाइपचे जोड कोरडे आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांच्यासाठी तेलाचा डबा एकच असतो. अशा गाडीत क्लचची गळती हा ब्रेकचाही प्रश्न आहे, त्यामुळे डब्यातली पातळी उतरलेली असेल तर गाडी पुढे नेऊ नये. डबा वेगळा असेल, ब्रेक ठीक असतील आणि रिकामी गाडी शेतातून घरापर्यंतच आणायची असेल, तर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा, समोर माणूस वा जनावर नाही याची खात्री करावी आणि मग स्टार्टर द्यावा. बहुतेक जुन्या गाड्या अशा सरकत सुरू होतात. थांबायचे असेल तेव्हा ब्रेक लावून इंजिन बंद करावे. हा उपाय केवळ अडल्या वेळचा आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी तेलाविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण आपल्याकडे प्रत्येक सुटा भाग डिझेलमध्ये धुण्याची सवय आहे. डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल या पंपाच्या रबराला लागले की रबर फुगते आणि नवे किटसुद्धा, म्हणजे बदलायच्या रबरांचा संचही, वाया जाते. धुण्यासाठी ताजे ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर वापरावे. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ यांपैकी जे लिहिले असेल, तेच तेल आणावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल वेगळ्या जातीचे असून ते यात मिसळू नये. बाटलीही सीलबंद घ्यावी, कारण हे तेल हवेतला ओलावा शोषते.

आता पंप उतरवावा. डब्यातले तेल सिरिंजने काढून घ्यावे आणि खाली जाड कापड पसरावे. पाइपचा नट साध्या पान्याने न खोलता, नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणाऱ्या फ्लेअर पान्यानेच खोलावा. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पाइपच बदलावा लागतो. त्यानंतर पॅडलची पिन आणि पंपाचे दोन नट काढले की पंप हातात येतो. मागची धूळटोपी सारून, पिस्टन थोडा आत दाबून त्याला अडवून धरणारे लॉक काढावे. स्प्रिंगच्या जोराने पिस्टन उसळतो, म्हणून तोंड जवळ नेऊ नये. कोणता भाग कोणत्या क्रमाने व कोणत्या दिशेने निघाला, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ते पंपाचे आतले भोक, पुसून कोरडे करावे आणि उन्हाकडे धरून आतून पाहावे. ते काचेसारखे गुळगुळीत असेल तरच रबर किट टाकण्यात अर्थ आहे. नखाला लागेल असा खड्डा, उभी रेघ किंवा गंजाचा डाग असेल, तर पूर्ण पंप बदलावा. मी एकदा पैसे वाचवण्यासाठी बोअर न पाहताच किट बसवून घेतले आणि महिन्याभरात मॅट पुन्हा ओली झाली. किटचे पैसे, मजुरी आणि नंतर नव्या पंपाचा खर्च, असे तिन्ही माथी बसले. ॲल्युमिनियमच्या बोअरवर एमरी पेपर फिरवण्याचा मोह तर मुळीच नको, कारण वरचा कठीण थर गेला की आतला मऊ धातू रबर खातो. किट घेताना बोअरचे माप जुळवावे: ५/८ इंच म्हणजे १५.८७ मिलिमीटर आणि ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दुकानदाराला गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना पंपच नेऊन दाखवलेला बरा.

नवी रबरे ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनीच चढवावीत, स्क्रूड्रायव्हर लावू नये. त्यांची ओठासारखी कड दाबाच्या दिशेला, म्हणजे पुढे राहिली पाहिजे. पंप बसवल्यावर पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक ठेवावी. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत मिळते. मोकळीक नसेल तर डब्याकडे जाणारे छिद्र झाकलेले राहते, दाब सुटत नाही आणि क्लच घसरू लागतो. नवा पंप टाकूनही पिकअप चढावर भार ओढेना, तर आधी हेच तपासावे.

एअर, म्हणजे तेलात शिरलेली हवा, काढण्यासाठी दोन माणसे लागतात. खालच्या पंपाच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडण्याच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. केबिनमधल्याने पॅडल सावकाश दाबून धरावे, मग खालच्याने निप्पल अर्धा वळसा सैल करून हवा आणि तेल जाऊ द्यावे, निप्पल आवळावे, आणि त्यानंतरच पॅडल सोडावे. सुरुवातीला ते आपोआप वर येणार नाही, हाताने उचलावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि डबा अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, नाही तर नवी हवा ओढली जाते. एवढे करूनही पॅडल मऊ राहिले, तर हवा वरच्या पंपाच्या तोंडाशी अडकलेली असते. तिथला पाइपचा नट थोडा सैल करून, पॅडल दाबून आणि दाबलेले असतानाच नट आवळून ती काढता येते.

सांडलेले तेल लगेच पाण्याने धुवावे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुशरॉडच्या मुळाशी बोट फिरवावे, आणि ते कोरडे निघाले तरच मॅट परत अंथरावी.