बीपी असताना चालायचं कसं: सगळा खेळ वेगाचा

बीपीच्या गोळीबरोबर ‘रोज थोडं चालत जा’ हा सल्ला फुकट मिळतो. थोडं म्हणजे किती आणि कोणत्या वेगानं, हे कोणी सांगत नाही. मग माणूस वर्षभर जळगावच्या मेहरूण तलावावर नाहीतर धुळ्यात पांझरा नदीच्या काठानं गप्पा मारत फिरतो आणि आकडा जागचा हलत नाही.

वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, चालणं नंतर. बाकीच्यांनी सरळ बूट घालावेत.

‘शेतात दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रावेर-यावलकडे हमखास येतो. कापूस वेचताना माणूस वाकतो, दोन पावलं सरकतो, पुन्हा थांबतो. थकवा येतो, पण नाडी सलग चढलेली राहत नाही. केळीचा घड खांद्यावर घेताना तर आपण दम रोखतो आणि तेवढ्या क्षणापुरतं बीपी उलट वर उडतं. बीपीला उपयोगी पडते ती हातापायांची सलग, एका लयीतली हालचाल: भरभर चालणं, सायकल, पोहणं. तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि चालून आल्यावर काही तास, कधी कधी पुढचा दिवसभरही, दाब थोडा उतरलेला राहतो. हा उतार रोज मिळत गेला की दोन-तीन महिन्यांत वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने कमी होऊ शकतो. एका दिवसाचा उतार दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकतो, म्हणून रविवारी दोन तास चालून आठवड्याचा हिशेब चुकता होत नाही. आठवड्यातले पाच दिवस, रोज ३० मिनिटं, आणि सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

आता वेग. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

घाम हे माप नाही. जळगाव-भुसावळला एप्रिलमध्ये ओट्यावर नुसतं बसलं तरी घामाच्या धारा लागतात. दहा हजार पावलांचा नादही सोडा. रेंगाळत टाकलेली दहा हजार पावलं बीपीच्या कामाला फार येत नाहीत. घड्याळात नाडी बघून वेग ठरवणाऱ्यांनी आधी गोळीचं पाकीट बघावं. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल, तर औषधच नाडीला वर चढू देत नाही. ‘वय वजा करा, इतके ठोके गाठा’ हे गणित अशा माणसाला लावलं, तर तो आकडा गाठायला धावत सुटेल. ते धोक्याचं आहे.

त्यापेक्षा पावलं मोजा. १५ सेकंदांत २५ पावलं, म्हणजे मिनिटाला १००, हा सुरुवातीचा वेग. मग बोलून बघा. जळगाव-सुरत रेल्वे लाइनवरच्या स्टेशनांची, म्हणजे पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही नावं मोठ्यानं म्हणा. मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला, तर वेग बरोबर. दर नावाला धाप लागली, तर कमी करा. सगळी एका दमात म्हणून वर गाणंही गाता आलं, तर तुम्ही फक्त हवा खायला आला आहात. चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात तोच वेग जड जातो, तेव्हा पावलांपेक्षा श्वासाचं ऐका. बरोबरचा माणूस तरणा असेल तर त्याच्या मागे फरफटू नका. जोडीनं चालण्यात बहुतेकांचा वेग बिघडतो, कधी कमी होऊन, कधी जास्त होऊन.

नवख्यानं पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालावं. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत एका वेळी ३० पर्यंत जावं. वेळ आधी वाढवायची, वेग नंतर.

सुरुवातीची पाच मिनिटं हळू, शेवटची पाचही हळू. शेवटची कोणी पाळत नाही. भरभर चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, दाब झपकन पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अमलोडिपिनसारख्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे जास्त संभवतं. चालून आल्याबरोबर कढत पाण्यानं आंघोळही नको.

मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा सातच्या आत घरी या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आधीच कमी असतं. उन्हात चक्कर येते ती त्यामुळे. किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की घरीच जागच्या जागी पाय उचला किंवा बसवलेली सायकल मारा. गुडघे दुखणाऱ्यांना सायकल एरवीही बरी.

छाती आवळली, जबडा किंवा हात दुखू लागला, घेरी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी येऊन ओवा चावत बसू नका.

बीपी चालून आल्याआल्या मोजू नका. तो आकडा फसवा असतो. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवी करून, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. तंबाखू, मिश्री अर्धा तास आधीपासून बंद. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, संध्याकाळीही तसंच, आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या आत हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो.

सरासरी उतरली म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आकडे लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस ते ठरवतील. आणि फेरी संपल्यावर मंडळींबरोबर कचोरी, घरी शेवभाजी, वर पापड, असा बेत रोजचा असेल, तर चालून मिळवलेला उतार मीठ खाऊन टाकतं.

लग्नसराईत किंवा आजारपणात दोन आठवडे खंड पडला, तर आधी कमावलेलं बरंचसं गेलं असं समजा. पुन्हा सुरू करताना निम्म्या वेळेपासून करा.