निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या खरेदीत या चुका टाळा

"दादा, कांगशी आहे ना?" म्हणजे चीनच्या कांगशी बादशहाच्या काळातलं भांडं आहे ना, असं विचारत दर आठवड्याला कोणीतरी फोटो पाठवतं, तोही फक्त बुडाचा. अहो, बादशहाच्या नावाच्या नुसत्या शिक्क्यावरून काळ ठरतो होय?

मीही आपटलोय म्हणा. जुन्या सामानाच्या एका दुकानात बरणी दिसली, तडकलेल्या बर्फासारख्या निळ्यावर पांढरी प्लमची फुलं, खाली दुहेरी वर्तुळात चार अक्षरं, मोबाइलवर जुळवली तर कांगशी, म्हणजे १६६२ ते १७२२, मग काय, घासाघीस न करता अठरा हजार मोजले आणि निघाली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. चिनी भांड्यांचं माहेरघर असलेल्या जिंगदेझेन शहराचे कारागीर जुन्या बादशहाचं नाव सर्रास घालायचे, खुद्द कांगशीच्या काळातल्या मालावर त्याच्याही आधीच्या मिंग घराण्यातल्या छंगह्वा बादशहाचा शिक्का सापडतो, आणि दरवेळी ती फसवणूकच असते असंही नाही.

आता मी शिक्का शेवटी वाचतो. आधी भांडं उपडं करून बुडाच्या कडेवर, जिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर नसतो, तिथे अंगठा फिरवतो. खरी झीज जिथे भांडं टेकतं तिथेच होते, नकलाकार सगळीकडून सारखं घासतो आणि वर मळकट हात मारतो.

इंग्रजीत 'चायना' लिहिलंय? मग मिंग विसरा, १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं. आणि पूल, झाड, दोन पक्षी असलेली 'विलो' डिझाइनची छापील ताटली बहुतेक वेळा इंग्लंडची असते, चिनी नाही.

दुसरी चूक, घरी आणल्या आणल्या धुणं! माझी एक ताटली लिक्विड सोपच्या गरम पाण्यात अर्धा तास पडली होती, बघतो तर काठाचा बोटभर तुकडा टबच्या तळाशी आणि त्यावरच्या निळ्या वेलीचा रंग पाण्यावर तरंगतोय. कोणीतरी तुकडा चिकटवून वरून रंगवलं होतं, आणि मी सहा महिने त्या वेलीचं कौतुक करत होतो. आता आधी अंधारात यूव्ही टॉर्च मारतो, नंतरचा गोंद-रंग वेगळा चमकतो. मग टिचकी, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा शोधायचा. धुवायचंच तर कोमट पाणी, टबात टॉवेल, एका वेळी एकच भांडं.

तीन व्हिडिओ बघून लिलावात उतरणाऱ्यांनो, आधी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघून या, एकदा नाही, चार-पाचदा. टॉर्च मात्र कायम खिशात असू द्या, मारू न देणाऱ्या दुकानदाराकडे मी भांडं तिथेच ठेवून निघतो.