सरकारी कार्यालयाची ओळख आखायला घेण्याआधी

सांगलीत कुणी मित्र सांगतो, "अमुक कार्यालयाचं बोधचिन्ह, पाट्या, पत्रशीर्ष असं सगळं काम मिळालंय," तेव्हा मी आधी एकच विचारतो: तिथल्या खिडकीपाशी किती वेळ उभा राहिलास? संगणक उघडायच्या आधी एक अख्खा सोमवार तिथं काढा. शनिवार-रविवारची सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी गर्दी तुंबते. सोबत वही ठेवा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

हे मला चुकून कळलं. एका तालुक्याच्या कार्यालयाला पांढऱ्यावर फिकट आकाशी, बारीक देखण्या अक्षरांतल्या पाट्या करून दिल्या होत्या. साहेबांना आवडल्या, मलाही. लावून झाल्यावर बघायला गेलो, तर 'आवक-जावक' या पाटीच्या बरोबर खाली उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "सायेब, अर्ज कुठं द्यायचा वो?" पाटी त्यांच्या डोक्यावर हातभर उंचीवर होती. रंग चुकला होताच, पण शब्दही चुकला होता. 'आवक-जावक' हा कार्यालयाचा आतला शब्द, लोकांचा प्रश्न 'अर्ज कुठं द्यायचा' हा. तेव्हापासून वहीतले प्रश्न हीच माझ्या पाट्यांची पहिली यादी असते: 'अर्ज इथे द्या' मोठ्या अक्षरात, 'आवक-जावक' त्याखाली लहान.

रंगाचं बोलायचं तर सांगलीत पहिल्या बैठकीत हळदीचा पिवळा सुचवला जाणार, हे धरूनच चाला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे सुचवणाऱ्याचा अभिमान खरा असतो. रंग ठेवा, पण त्याची जागा ठरवा. वेब सुगम्यतेच्या जागतिक निकषांत अक्षर आणि मागची जमीन यांच्या उजळपणात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ एवढा फरक लागतो. जर्द पिवळा पांढऱ्यावर ठेवला तर गुणोत्तर दोनच्याही खाली येतं, तोच काळ्या अक्षरांखाली पसरला तर दहाच्या वर जातं. म्हणून पिवळी जमीन, काळी अक्षरं. 'मंजूर' हिरवा, 'नामंजूर' लाल एवढ्यावर भागवू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, त्यातही पुरुष, रांगेत असतातच. रंगासोबत शब्द हवाच.

आता चिन्हात काय काढायचं. कृष्णेची लाट काढायचा मोह मलाही होतो. पण २००५, २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यांना ती लाट कशी दिसेल? आणि जत-आटपाडीकडच्या, टँकरची वाट बघत दिवस काढलेल्या माणसाला? शिराळ्याचा पाऊस आणि जतचा दुष्काळ एकाच जिल्ह्यात आहेत. चिन्ह पक्कं करण्याआधी ते निदान तीन तालुक्यांतल्या लोकांना दाखवा, आणि काहीही न सांगता विचारा, "हे काय आहे?" देवस्थान मात्र चिन्हात घेऊ नका. गणपती मंदिरावर सांगलीकराची कितीही माया असली तरी कार्यालय सगळ्यांचं आहे. माणसांची चित्रं असतील तर बाई कायम घागर घेऊन मागे उभी आहे का ते बघा. तिला टेबलामागच्या खुर्चीतही बसवा.

अक्षर निवडताना 'शेतकऱ्यांसाठी' आणि 'कर्मचाऱ्यांची' हे दोन शब्द टाइप करून बघा. सरकारी कागदावर हे शब्द पदोपदी येतात, आणि कच्च्या फॉन्टात 'ऱ्या'मधला तो चंद्रकोरी र हमखास मोडतो. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात का तेही तपासा, कारण बऱ्याच फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं. मुक्तासारखा खुल्या परवान्याचा युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत असलेली पद्धत) फॉन्ट घेतलात तर कार्यालयाला पैसेही पडत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं परिपत्रक अंध माणसाचा फोन वाचायला लागला की नुसती निरर्थक अक्षरं ऐकू येतात. एकदा स्वतः ऐकून बघा.

मराठी राजभाषा, तेव्हा ती वर आणि मोठी. जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावं आहेत, मिरजेत उर्दू शाळा आहेत. तिथल्या पाट्यांसाठी जागा पहिल्याच आराखड्यात सोडा आणि मजकूर ती भाषा घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या.

सिंहांची राजमुद्रा वापरायचा अधिकार त्या कार्यालयाला आहे का, हे लेखी विचारा. ती २००५चा कायदा आणि २००७चे नियम यांनी बांधलेली आहे आणि 'सत्यमेव जयते'शिवाय ती अपुरी मानली जाते.

चाचणीला कुणाला बोलवायचं ते आधीच ठरवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सगळे जमणार नाहीत, पण कमी दिसणारा, ऐकू न येणारा आणि चाकाच्या खुर्चीवरून पाटी वाचणारा एकेक माणूस हवाच. त्यांच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात धरा. त्याच दिवशी चिन्ह अंगठ्याच्या नखाएवढं छापून झेरॉक्सची झेरॉक्स काढा, रबरी शिक्काही करून बघा.

शेवटी एक पानभर नियम साध्या मराठीत लिहून ठेवा, आणि त्यात दुकानातून रंगाचा कोणता डबा आणायचा तेही लिहा. चार पावसाळ्यांनी पाटी पुन्हा रंगवणारा पेंटर तुम्हाला फोन करणार नाही, तो ते पान घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाईल.